बाई, मग चांगलं वागायचं कशासाठी?

मागच्या अंकात नवसाबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना मी लिहून गेले होते, की मी स्वतः देव मानत नाही पण सासूबाईंचा नवस फेडायला तुम्ही जरूर जा, तेवढ्यावरून घरात भांडण नको. उत्तर नवसाचं होतं, पत्रं मात्र सगळी त्या अर्ध्या वाक्यावर आली. काही रागाची, बरीचशी काळजीची, दोघांनी तर पाकिटातून अंगारा पाठवलाय. तो मी आईकडे दिला, तिला बरं वाटलं. तर या वेळी घरसंसाराचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच विषयावरची पत्रं घेतेय. लांब पत्रं थोडी छाटलीत आणि नावं कुणाचीच छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी ३१ वर्षं सांगली जिल्ह्यात हायस्कूलला विज्ञान शिकवलं, त्यामुळे अजूनही सगळे मला बाईच म्हणतात.

देव नाही हे तुम्ही सिद्ध करून दाखवू शकता का? नसाल तर तुमची नास्तिकताही एक श्रद्धाच झाली की. मग तुमच्यात आणि आमच्यात फरक काय राहिला? – निवृत्त बँक कर्मचारी, मिरज

नाही, सिद्ध करू शकत नाही, आणि तसा दावा मी कधी केलेलाही नाही. पण तुम्ही बँकेत नोकरी केलीय म्हणून तुमच्याच काउंटरवरचं उदाहरण घेते. एखादा माणूस आला आणि म्हणाला, माझे तुमच्या बँकेत पाच लाख आहेत, नाहीत असं सिद्ध करा, तर तुम्ही काय केलं असतं? पासबुक आणा, पावती आणा, खाते नंबर सांगा, असंच म्हणाला असता ना. आणि त्याच्याकडे काहीच नसेल तर तुम्ही त्याला खोटारडा म्हणाला नसता, पण पैसेही दिले नसते. माझं देवाबद्दल एवढंच आहे. जो आहे म्हणतो त्यानं कागद दाखवायचा, कागद आला की मी बघणार. २००६ साली प्लूटो ग्रहांच्या यादीतून काढला तेव्हा आम्ही पुस्तकातला नऊचा आकडा खोडून आठ केला, आणि पोरांना ते सांगताना मला कमीपणा वाटला नाही, उलट अभिमान वाटला, की बघा, नवीन माहिती आली की आपण बदलतो. श्रद्धेत असं खोडायची सोय नसते, हा माझ्या मते मोठा फरक.

पण खरं सांगू का, देव आहे की नाही या वादात मला फारसा रस नाहीये. एखादी गोष्ट आपण खरी मानतो ती कशावरून, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात माणसं मरतात. आमच्याकडे शिराळा-वाळवा भागात साप भरपूर. शेतात पाणी पाजायला रात्रीचं जायचं आणि पाय पडायचा. मी नोकरीला लागले तेव्हा साप चावला की आधी भगताकडे न्यायचे, आणि लोक शपथेवर सांगायचे की त्याच्या मंत्रानं माणसं उठून बसतात. त्यात खोटं काही नव्हतं, उठून बसायची! पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. माणसाला खरा धोका प्रामुख्यानं चार जातींपासून, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि हे सुद्धा चावले तरी दर वेळी विष सोडतातच असं नाही. म्हणजे भगतानं मंत्र म्हटला काय आणि पाढे म्हटले काय, बरीच माणसं वाचणारच होती. ती वाचलेली माणसं गावभर फिरून भगताचं नाव घेतात, आणि जी गेली ती काही सांगायला येत नाहीत. वर त्यांच्याबद्दल बोललं जातं की उशीर केला, नाहीतर विटाळ झाला असेल. हे असं मोजलं तर कुठलाही भगत पास होणार. मण्यारीच्या चाव्यात तर दुखतही नाही फारसं, सूजही नाही, माणूस झोपल्यासारखा होतो आणि श्वास थांबतो, आणि तोवर घरचे मंत्राला बसलेले असतात.

याच्याशेजारी महाडचं उदाहरण ठेवा. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरायची, लहान पोरं जास्त. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे सरकारी दवाखान्यात होते, त्यांनी पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी ठेवल्या, नाडी, ब्लडप्रेशर, घाम, सगळं, आणि प्राझोसिन नावाचं ब्लडप्रेशरचं गोळीतलं औषध देऊन बघितलं. हे १९८० च्या दशकातलं. आधी शंभरातली पंचवीस-तीस माणसं दगावायची, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. त्यांनी वाचलेले पण मोजले आणि गेलेले पण मोजले, भगत फक्त वाचलेले मोजतो, मी पुरावा म्हणते तो याला.

ज्योतिषाचंही तसंच. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यातल्या संख्याशास्त्रज्ञांना आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, म्हणजे अंनिसच्या, कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन २००८ च्या सुमारास एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या, ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि यातली हुशार कुठली एवढंच ओळखा म्हणाले. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी बरोबर निघाली ४६ टक्के. छापा-काटा केला असता तरी ५० च्या आसपास आली असती. आणि याच पत्रिकांवर आपण पोरींची लग्नं मोडतो हो, मंगळ आहे म्हणून, माझ्या सख्ख्या चुलतबहिणीचं मोडलं.

२१ सप्टेंबर १९९५ ला मी माझ्या हातानं गणपतीला दूध पाजलंय. चमच्यातलं दूध संपलेलं डोळ्यांनी बघितलं. ते पण खोटं का? – एक वाचक, सोलापूर

तुम्ही खोटं बोलत नाही. मी पण बघितलंय.

गुरुवार होता. तिसऱ्या तासाला बातमी आली आणि शाळा जागेवर राहिलीच नाही. हेडमास्तरांच्या ऑफिसात संगमरवरी गणपती होता, शिपाईमामांनी दूध आणलं, रांग लागली. माझा विश्वास तोवर बराच उडालेला होता, तरी माझ्या हातातल्या चमच्यातलं दूध सोंडेला टेकल्यावर हळूहळू कमी व्हायला लागलं तेव्हा अंगावर काटा आला, ते मी नाकारणार नाही. मग कुणीतरी आठवीतलंच पोरगं म्हणालं, बाई, कुंकू टाकून बघूया का दुधात. चिमूटभर टाकलं. आणि सोंडेवरून खाली, पोटावरून, मांडीवरून एक बारीक लाल धार तबकात उतरताना सगळ्यांनी बघितली. पांढऱ्या दगडावर पांढरं दूध दिसत नव्हतं एवढंच. मग आम्ही टेबलावरच्या पेपरवेटला पाजलं, तो प्याला. शाळेच्या पितळी घंटेला पाजलं, ती पण प्याली. द्रवाला पृष्ठताण असतो, काठोकाठ भरलेल्या चमच्याला ओला दगड टेकला की दूध ओढलं जाऊन खाली ओघळतं. दिल्लीच्या सरकारी शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध घेऊन हेच दाखवलं होतं.

तर डोळ्यांनी तुम्हाला फसवलं नाही. दूध चमच्यातून गेलं एवढंच डोळ्यांनी बघितलं, गणपती प्याला हे आपण मागून जोडलं. त्या पोराचा कुंकवाचा प्रश्न मला आजही त्याच्या मार्कांपेक्षा जास्त लक्षात आहे.

देवाची भीती आहे म्हणून माणसं थोडीफार सरळ वागतात. ती पण काढून घेतली तर चांगलं वागायचं कशासाठी? माझ्या मुलांना मी काय सांगू, चोरी का करायची नाही? – गृहिणी, बार्शी

ताई, सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, आणि मला पण हा एकच प्रश्न खरा जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. आठवीचा वर्ग माझ्याकडे. सहल जाणार होती, पन्हाळा, जोतिबा, कोल्हापूर, आणि पैसे मी गोळा करत होते. एका दुपारी मोजले तर तीनशे रुपये कमी. त्या काळात तीनशे म्हणजे माझ्या पगारात दिसतील असे पैसे. मधल्या सुट्टीत वर्गात एकच मुलगी थांबायची, कारण ती डबा आणायची नाही, आणि बाकीच्यांच्यात नुसतं बसायला तिला लाज वाटायची, हे मला नंतर कळलं. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि दप्तर उपडं करायला लावलं. काय काय पडलं त्यातून ते मी आज पण सांगू शकते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी भाकरी, बोटाएवढी पेन्सिल, दोन वह्या, एक शर्टाचं बटण आणि संक्रांतीच्या तिळगुळाचा रिकामा कागद, गुलाबी. पैसे नव्हतेच. तरी मी म्हणाले, खरं सांग, काही करणार नाही तुला. ती रडली नाही. खाली बसून एक एक वस्तू परत आत भरली, कागदाची घडी घालून तो पण ठेवला. मग आठवडाभर शाळेत आली नाही.

पैसे सापडले. हजेरीपटाला मी खाकी कव्हर घातलं होतं, त्याच्या आत मीच सरकवले होते, गडबडीत.

तेव्हा मी देव मानायची. चतुर्थी धरायची, नेमानं. मला रात्री झोप लागेना, म्हणून सांगलीच्या गणपती मंदिरात गेले, अभिषेक केला, दानपेटीत पैसे टाकले, डोळे मिटून माफी मागितली, आणि खरंच हलकं वाटलं हो, घरी येऊन शांत झोपले. आणि सोमवारी वर्गात गेले तर ती शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसलेली. वर्गातली पोरं तिच्यापासून हातभर लांब. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं, की माझं ओझं उतरलं पण तिचं आहे तिथंच आहे. मी माफी मागितली कुणाची, तर ज्याचं मी काहीच वाकडं केलं नव्हतं त्याची. आणि त्यानं ती दिली सुद्धा, तिला न विचारता.

त्याच तासाला वर्गासमोर सांगितलं, की चूक माझी होती, पैसे माझ्याकडेच होते. संध्याकाळी तिच्या वस्तीवर गेले. आई भांगलणीवरून आत्ताच आलेली, हाताला माती. ती एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही आलासा, बास झालं." मुलीनं तांब्यातून पाणी दिलं आणि आत निघून गेली, बोलली नाही. तिनं मला माफ केलं की नाही मला कधीच समजलं नाही, आणि ते विचारायचा हक्क पण मला नव्हता.

लोकांना वाटतं मी विज्ञान शिकवत होते म्हणून नास्तिक झाले. तसं नाही. माझं देवळात जाणं सुटायला सुरुवात झाली ती त्या आठवड्यात, फिजिक्स-बिजिक्स सगळं नंतर आलं. कारण मला दिसलं की माफीचा एक सोपा रस्ता माझ्यासाठी कायम उघडा आहे आणि तो ज्याचं वाईट केलं त्याच्या दारावरून जातच नाही. आता तो रस्ता मी माझ्यापुरता बंद केलाय. चुकले तर त्या माणसाकडेच जावं लागतं, दुसरीकडे कुठे जायला जागाच नाही. अवघड आहे हे, दर वेळी पाय जड होतात, पण देव नाही म्हणून मोकळं रान मिळतं असं जे म्हणतात त्यांना मी सांगते की माझा अनुभव बरोबर उलटा आहे.

आता भीतीचं. तुमचं मूल तापानं फणफणलं की तुम्ही रात्रभर मीठ-पाण्याच्या पट्ट्या बदलत बसता, ते वरचा बघतोय म्हणून? नाही ना. म्हणजे आपल्यातलं जे सगळ्यात चांगलं आहे ते भीतीतून येतच नाही. भीतीनं फार तर माणूस सिग्नलला थांबतो, पोलीस मामा असेपर्यंत. तर मुलांना चोरी का नाही करायची हे सांगताना देव कान कापेल असं सांगू नका, ज्याचं गेलं त्याला कसं वाटलं असेल ते सांगा. पोरांना कळतं. दुसऱ्याचं पेन हरवलं की आपलं आठवून रडणारी पोरं मी किती बघितलीत.

आणि अजून एक. आपण म्हणतो नीती धर्मातून येते, पण धर्मातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आपण कशावर ठरवतो? शिवू नये असंही शास्त्रात होतंच की. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले तेव्हा विरोध करणारे सगळे देवभिरू लोक होते, घाबरणारे, उपास करणारे. आणि तळं बाटलं म्हणून त्यांनी ते शेण-गोमूत्र ओतून शुद्ध केलं. आज तुम्ही-मी ते चूक म्हणतो. का चूक म्हणतो? पोथी बदलली म्हणून नाही, आपल्याला त्या तहानलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवता यायला लागलं म्हणून. ती मोजपट्टी पोथीच्या बाहेरच आहे आणि आस्तिक लोक पण तीच वापरतात, फक्त म्हणत नाहीत.

आणि देवाशिवाय नीती ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. आपले बौद्ध शेजारी बघा, जैन शेजारी बघा. जग निर्माण करणारा देव दोन्हीकडे मानत नाहीत, आणि पंचशील किंवा अहिंसा याबद्दल तर सगळ्यात कडक तेच. पुण्यात आगरकर देव मानत नव्हते, केसरी सोडून १८८८ मध्ये सुधारक काढला, सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, ३९ व्या वर्षी दम्यानं गेले. त्या माणसाला स्वर्गाची आशा नव्हती आणि नरकाची भीती नव्हती, तरी बालविवाहावर आणि विधवांच्या केशवपनावर लिहायचं थांबले नाहीत. मला कुणी विचारलं ना की कशासाठी चांगलं वागायचं, तर मी आगरकरांचं नाव सांगते, आणि मनात त्या मुलीचं.

मुलाच्या फॉर्मवर धर्माचा रकाना आहे. आम्ही दोघं कुठलाच धर्म पाळत नाही. रिकामा ठेवला तर क्लार्क फॉर्म घेत नाही. – एक जोडपं, पनवेल

मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कुठल्याही फॉर्मवर धर्म लिहायची किंवा जाहीर करायची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही आणि मला कुठलाच धर्म नाही असं म्हणायचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्येच येतो. "धर्म नाही" असं लिहून द्या, क्लार्कशी वाद घालत बसू नका, वरच्या साहेबांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

बाई, असं उघड लिहिताना भीती नाही वाटत? तुम्ही अंनिसच्या का? – कॉलेज विद्यार्थिनी, सातारा

मी कुठल्याच संघटनेत नाही. पण अंनिस उभी करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर तुझ्याच साताऱ्याचे, त्यांची दोन-तीन भाषणं मी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून ऐकलीत. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. मी स्वयंपाकघरात होते, रेडिओ लावलेला होता, कणीक मळत होते, हात तसेच राहिले. त्यानंतर दीड वर्षात कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कोर्टानं दाभोलकरांच्या खुनात दोघांना जन्मठेप दिली, तिघं सुटले. अकरा वर्षं लागली याला.

आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर अठरा वर्षं हेलपाटे घालत होते तो झाला त्यांच्या नंतर, आधी वटहुकूम आणि मग डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात. त्या कायद्यात देव मानू नका असं एका शब्दानं म्हटलेलं नाही. नरबळी, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, असल्या गोष्टींना शिक्षा आहे. लोकांनी न वाचताच धर्मावर घाला म्हणून आरडाओरड केली.

भीती वाटते की. नाही कशी वाटणार. पण वर्गात एवढी वर्षं प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून पोरांच्या मागे लागले, आता रिटायर झाल्यावर मीच गप्प बसू?

माझा मुलगा एकोणिसाव्या वर्षी गेला, अ‍ॅक्सिडेंटमध्ये. सगळे म्हणतात देवाची मर्जी, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. तुम्ही म्हणता देवच नाही. मग मी रागवू कुणावर? – एक आई, नांदेड

ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं, आणि तुम्हाला उत्तर देण्यासारखं शहाणपण माझ्याकडे नाहीये.

एवढंच म्हणेन की मागच्या जन्मीचं असेल असं जे म्हणतात ते मनातून काढून टाका. त्याचं आणि तुमचं काहीही चुकलं नव्हतं. कुठल्याही न्यायानं एकोणीस वर्षांच्या पोराला अशी शिक्षा बसत नाही, आणि हा कसला न्याय ज्यात गुन्हा काय ते पण सांगत नाहीत. लोक वाईट मनानं बोलत नाहीत हे मान्य, त्यांना तुमच्यासमोर गप्प बसवत नाही म्हणून काहीतरी बोलतात, पण दुःख झालेल्या माणसालाच आरोपी करणारं हे बोलणं मला सहनच होत नाही. रस्ता, वेग, अंधार, एखादा खड्डा, कुणाची तरी एका क्षणाची चूक, कारणं असतीलच, पण त्यात तुमच्यासाठी कुणी हिशोब मांडून ठेवलेला नव्हता. मला स्वतःला हे खरं मानल्यानं, माझे यजमान गेले तेव्हा, निदान "माझ्याच नशिबी का" या प्रश्नापासून सुटका मिळाली. तुम्हाला मिळेल की नाही सांगता येत नाही. आणि देवापुढे बसून रडल्यानं तुम्हाला बरं वाटत असेल तर बसा, जरूर बसा, माझ्या मतासाठी ते सोडू नका. राग आला तर मला लिहा, पत्ता मासिकात आहेच, मी वाचीन आणि उत्तर देईन.

मी बारा वर्षं वारी करतेय. तरडगाव सोडून फलटणला येताना जे मनाला वाटतं ते शब्दात सांगता येत नाही. ते सगळं खोटं म्हणायचं का? – माळकरी, लोणंद

माऊली, मी ते खोटं म्हणणार नाही. मी आईला घेऊन एकदा सासवडपासून वाल्ह्यापर्यंत चाललेय, जेजुरीचा मुक्काम धरून, आणि पाय सुजलेले असताना शेजारच्या अनोळखी बाईनं माझी पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि परत देताना माझ्याच पाया पडली, ते मी विसरलेले नाही. तुम्हाला जे वाटतं ते शंभर टक्के खरं आहे. फक्त ते कशामुळे वाटतं, याचं तुमचं उत्तर पांडुरंग आणि माझं उत्तर ती बाई. हजारो माणसं एका तालात चालतायत, जात विचारत नाहीत, आपलं मीपण सुटतं. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनात देव देव म्हणत राहिले आणि स्वतः झाडू घेऊन गाव झाडत राहिले, धर्मशाळा बांधल्या, पंढरपूरला पण बांधली, बोकड कापणाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून थांबवलं. त्यांच्याशी माझं कुठं वाजलं असतं असं मला वाटत नाही. तुमच्याशीही नाही. उन्हापाण्याचं सांभाळून चाला.

तुमच्या घरी देवघर आहे आणि रोज पूजा तुम्हीच करता असं तुमची एक विद्यार्थिनी सांगत होती. हा दुटप्पीपणा नाही का? आणि तुमच्या मागं तुमचे विधी कोण करणार? – एक वाचक, इस्लामपूर

विद्यार्थिनीनं खरं सांगितलं. आईला आता ८९ पूर्ण झाली. तीन वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले, निरांजन लावताना पदराला धग लागली, तेव्हापासून मी करते. ती खुर्चीत बसून सांगते आणि मी करते. तांब्याची भांडी चिंचेनं घासायची, पितांबरी तिला चालत नाही. बाळकृष्ण आधी, मग अन्नपूर्णा, मग टाक. गंध उगाळताना ती सहाणेकडे बघत नाही, आवाज ऐकते, आणि पातळ झालं तर आवाजावरून ओळखते. मी स्तोत्र म्हणत नाही, ती म्हणते, मध्येच ओळ विसरली की मी आठवण करून देते, मला सगळी पाठ आहेत लहानपणापासून. तिला माहितीये माझा विश्वास नाही. एकदा म्हणाली, तुझा नसू दे, माझ्यासाठी करतेस ना, पोचतं. यात मी कुणाला फसवलं ते मला सांगा. कुणाकडून पैसे घेऊन अंगारा दिला असता, मनात विश्वास नसताना सत्यनारायण घालून गावात मान मिळवला असता, तर त्याला दुटप्पीपणा म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं. म्हाताऱ्या माणसाचे हात चालेनात म्हणून आपले हात देणं याला मी दुसरं काही म्हणत नाही.

विधींचं म्हणाल तर देहदानाचा फॉर्म भरून ठेवलाय, जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात. भाच्याला सगळं समजावून सांगितलंय. तुमच्यापैकी कुणाला करायचं असेल तर फॉर्म नुसता भरून कपाटात ठेवू नका, घरच्यांशी बोला, कारण शेवटी निर्णय तेच घेतात. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत हे पण लक्षात ठेवा. डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात, तोपर्यंत पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर जरा उंच ठेवायचं आणि लगेच नेत्रपेढीला फोन करायचा, कुणाची वाट बघत बसायचं नाही. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं.

हे सगळं मी भाच्याला सांगत होते तेव्हा आई आतून ऐकत होती. आम्हाला वाटलं चिडणार. संध्याकाळी पूजा झाल्यावर म्हणाली, माझे पण डोळे द्या, कुणालातरी दिसेल. देह मात्र नाही, देहाचं सगळं रीतसर करायचं, आणि तोंडात तुळशीपत्र ठेवायचं. दारात तुळस आहेच. ठेवीन म्हणून तिला सांगितलंय.